काठावरचा ठिपका

"भाऊ, ह्या नाण्यांवरचं गाव वाचून द्याल का?"

मी मान वर केली नाही. जुन्या बाजारात सकाळी दहाला येतात ते सगळे चौकशीवाले, घेणारी गिऱ्हाइकं दुपारनंतर. मी म्हटलं, "गाव वाचायला काय एसटीची पाटी आहे का ती?"

माझं तोंड तेव्हा असंच होतं. आता दात गेले, तोंड तसंच आहे.

बाई काही हलली नाही. माझ्या सतरंजीपुढं उकिडवी बसली, पिशवीतून पावडरीचा रिकामा डबा काढला आणि त्यातून एकेक पुरचुंडी बाहेर ठेवायला लागली. जुन्या साडीचे चौकोनी तुकडे, कडा दुमडून शिवलेले, आणि प्रत्येकात एक नाणं. नऊ नाणी. तेव्हा मी तिच्याकडं नीट बघितलं. तिशी नुकतीच ओलांडलेली. सुती साडी, गळ्यात मंगळसूत्र, बोटाच्या टोकाला सुईनं टोचल्याच्या खुणा. शिवणकाम करणारी असणार, हे मी ओळखलं.

सन त्र्याऐंशी. गणपती होऊन पंधरा दिवस झाले असतील. मी जातीचा तांबट. बापानं तांब्याची भांडी ठोकली, आज्यानं ठोकली, मीही बारा वर्षं ठोकली. मग डावा कान गेला, तेव्हा हातोडी खाली ठेवली आणि जुनी नाणी विकायला बसलो. बुधवारी आणि रविवारी. धातू हातात घेतला की तो कुठला, कसा, हे मला बोटांना कळायचं. त्याचा मला गर्वही होता, खोटं कशाला बोलू?

"अमेरिकेचा अर्धा डॉलर," मी एक नाणं उचलून म्हटलं. "चांदीचा. ही बाई बघा, उगवत्या सूर्याकडं चालत निघालीय. आणि उलट्या बाजूला गरुड. आता गरुडाच्या डाव्या अंगाला, पार खाली, काठापाशी बघायचं. तिथं एक बारीक अक्षर असतं. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टाकसाळ. डी म्हणजे डेन्व्हर. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. आपल्याकडं नाही का, सालाखाली छोटी चौकट असली की मुंबई, काही नसलं की कलकत्ता. तसंच."

"म्हणजे ज्या गावात नाणं पाडलं त्याचं अक्षर."

"बरोब्बर."

"आणि धाडणारा माणूसही त्याच गावात असेल?"

मी हसलो. "अहो ताई, तुमच्या बटव्यात मुंबईचा रुपया आहे म्हणून तुम्ही काय मुंबईच्या झालात? नाणं फिरतं."

"फिरतं हो. पण आठ वर्षं सारखं एसच आलं. गेल्या दिवाळीला पहिल्यांदा डी आलं. माणूस एका गावातून दुसऱ्या गावात गेला, म्हणून अक्षर बदललं, असं होऊ शकतं ना?" ती जरा थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "गेला म्हणजे मग तो आहे ना, भाऊ?"

तिनं सगळं सांगितलं. जुन्या बाजारात भिंग घेऊन बसलेल्या माणसाला लोक डॉक्टरसारखं सगळं सांगतात. तिचं नाव कुमुद मयेकर. नवरा सुहास, बोटीवर इंजिनखोलीत कामाला. लग्नानंतर वर्षभरानं, एकाहत्तर साली, मोठ्या बोटीवर गेला तो गेलाच. चौऱ्याहत्तर साली त्याच्याबरोबरचा एक खलाशी घरी आला, त्यानं हे पहिलं नाणं दिलं आणि निरोप सांगितला, की सुहासनं सॅन फ्रान्सिस्कोला बोट सोडली, तिथंच राहिला, जम बसला की कळवतो म्हणाला. त्यानंतर पत्र मात्र कधीच आलं नाही. "कागदपत्रांशिवाय राहतोय, लिहिलं तर पकडतील, असं मामंजी म्हणतात. पण दर दिवाळीच्या आधी कुणीतरी बोटीवरचा माणूस मामंजींच्या छापखान्यात येऊन एक नाणं देऊन जातो. मी आहे, एवढाच निरोप."

"मग आत्ताच ही घाई कसली?"

ती खाली बघायला लागली. "भावानं स्थळ आणलंय. चिपळूणला कंडक्टर आहेत. त्यांची बायको वारली, चार वर्षांची मुलगी आहे. भाऊ म्हणतो, बारा वर्षं बातमी नसली की पळसाच्या पानांचा पुतळा जाळून विधी करतात आणि बाई मोकळी होते. मामंजी म्हणतात, बातमी नाही कशी? दरवर्षी नाणं येतं, बारा वर्षं मोजायची कुठून? रविवारी संध्याकाळी भाऊ उत्तर न्यायला येणार आहे." तिनं साडीच्या तुकड्याची घडी केली, मोडली, परत केली. "ती मुलगी आली होती मागच्या महिन्यात. आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसली. ते असतील तर मी जन्मभर थांबेन हो. पण नसतील तर मला ती मुलगी हवीय."

हे ऐकत ऐकत मी दुसरं नाणं उचललं आणि सवयीनं काठावरून अंगठा फिरवला. अंगठा एका जागी अडला.

त्याचं कारण असं. बाजारात नाणं बघायला म्हणून हातात घ्यायचं आणि परत देताना झिजकं टेकवायचं, असले हातचलाख पुष्कळ. म्हणून मी माझ्या मालाला खूण करायचो. गरुडाच्या बाजूला, बरोबर वर, काठाच्या उंचवट्यावर बारीक टोच्या ठेवायचा आणि तांबटाच्या हातानं एक हलका ठोका. मोहरीपेक्षाही लहान ठिपका. जाणकार माणूस मला शिव्या घालेल, नाणं नासवलं म्हणेल. घालू दे. शंभर नाण्यांत माझं नाणं मी डोळे मिटून ओळखायचो.

दुसऱ्या नाण्यावर माझा ठिपका होता. तिसऱ्यावर होता. नवव्यापर्यंत सगळ्यांवर. फक्त पहिलं नाणं तेवढं कोरं होतं.

"सासरे छापखान्यात काय करतात?" मी विचारलं, पण मला उत्तर माहीत होतं. दर नवरात्राच्या सुमाराला एक म्हातारा यायचा. टोपी, पांढरा सदरा, बोटं शाईनं आणि शिशानं काळी पडलेली. अर्धा डॉलर मागायचा आणि म्हणायचा, एसचंच हवं. मुंबईच्या एका पारशी बाईकडून मी अशा नाण्यांची थैली घेतली होती, त्यातलं एक तो दरवर्षी न्यायचा. मला वाटायचं, असेल एकेकाचा छंद. आणि गेल्या वर्षी थैलीतली एसची नाणी संपली होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला मला दिसत होता. मी बेधडक डीचं नाणं त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणालो, "घ्या काका, एस."

"कंपोझिटर आहेत," ती म्हणाली.

मी नाणी तिच्यापुढं सरकवली. "चांगलं भिंग घरी राहिलंय. रविवारी सकाळी या, मग खात्रीनं सांगतो." भिंग माझ्या हातातच होतं. तिनंही ते बघितलं असणार. नाणी पुरचुंड्यांत बांधून निघून गेली.

शुक्रवारी मी विचारत विचारत शनिवार पेठेतला तो छापखाना गाठला. मयेकर खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. हातात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची पट्टी, आणि बोटं कप्प्यांतून आपोआप फिरत होती. डोळ्यांनी दिसत नसलं तरी खिळे त्यांना हातांनी कळत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, मी वडके, जुन्या बाजारातला. तुमच्या सूनबाई आल्या होत्या नाणी घेऊन."

त्यांची बोटं थांबली. पट्टी त्यांनी जपून खाली ठेवली, जुळवलेल्या ओळी विसकटू नयेत अशी. मला मागच्या अंगणात नळापाशी घेऊन गेले.

"काय सांगितलंत तिला?"

"अजून काही नाही. आधी तुम्ही मला सांगा. मुलगा कुठं आहे?"

म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. "नाही तो. पंच्याहत्तरच्या मार्च महिन्यातच गेला. काविळीनं. तिथल्या इस्पितळाचं पत्र आलं होतं, इंग्रजीत, छापखान्याच्या पत्त्यावर. सुहासनं तोच पत्ता दिला होता, मला इंग्रजी वाचता येतं म्हणून. वाचलं, घडी घातली आणि खिळ्यांच्या कप्प्याखाली ठेवून दिलं. त्या दिवशी एका लग्नपत्रिकेचं काम होतं. ते पुरं केलं मी."

"घरी सांगितलं नाहीत?"

"सुहासच्या आईचं हृदय अधू आहे. आज सांगू, उद्या सांगू करत दिवाळी आली. ही दारात बसून राहिली, सुहासचं काही आलं का म्हणून. तुमच्याकडून नाणं घेतलं आणि दिलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली हो, वडके. पहिल्यांदा."

मला त्याची कीव येत होती आणि रागही येत होता. "अहो, पण ती पोरगी! एकतीस वर्षांची आहे ती. तिला कुणीतरी मागणी घालतंय, एक लहान मुलगी तिला आई म्हणायला तयार आहे, आणि तुम्ही मेलेल्या माणसाच्या नावानं तिला बांधून ठेवलंय. माणूस आहात की कोण?"

"ती गेली तर हिचं कोण करणार? मला दिसत नाही. शिवण करून अर्धं घर ती चालवते." हे तो सरळ बोलला. लपवलं नाही. मग एकदम वाकला आणि माझ्या पायाला हात लावायला लागला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस! मी त्याचे हात धरले, त्याची काळी बोटं माझ्या मनगटाला लागली. "रविवारी नुसतं हो म्हणा. ही फार दिवसांची सोबतीण नाही. ही गेली की मी स्वतः सांगेन."

"जमायचं नाही. तुम्ही शनिवारी सांगा. नाही सांगितलं तर रविवारी मी सांगणार. देवाशपथ सांगणार."

त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. "बरं. माझ्या तोंडून कळू दे तिला. शनिवारी सांगतो."

मी परत आलो तो छाती फुगवून. बायकोला म्हटलं, आज एक चांगलं काम केलं. तिनं विचारलं, कसलं? मी म्हटलं, रविवारी सांगतो.

रविवारी ती नऊलाच आली. मी सतरंजी नीट अंथरलीही नव्हती. तिच्याकडं बघितलं मात्र आणि मला कळलं, की म्हाताऱ्यानं मला बनवलं. बातमी ऐकलेल्या बाईचा चेहरा असा नसतो. तिनं केसांत अबोलीचा गजरा माळला होता.

"मामंजी काही बोलले का काल?" मी विचारलं.

"मामंजी? नाही. का हो?"

"काही नाही. बसा. मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐका," ती म्हणाली. तिला दम धरवत नव्हता. डबा उघडून तिनं एक नाणं काढलं. "काल दुपारी शेजारच्या घड्याळजींकडून भिंग आणलं आणि सगळी नाणी मीच बघितली. सुईत दोरा ओवणारे डोळे आहेत माझे. हे बघा, इथं काठावर. बारीक ठिपका आहे. सगळ्यांवर आहे, एकाच जागी. पहिल्यावर तेवढा नाही. ही टाकसाळीची खूण आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "टाकसाळीची नाही."

"नक्की?"

"नक्की. टाकसाळ काठावर असा ठिपका मारत नाही."

"मग हातानं केलेला आहे?"

"हो. हातानंच केलाय."

मी एक शब्दही खोटा बोललो नाही, हे लक्षात घ्या. तिनं ते नाणं मुठीत धरलं, मूठ कपाळाला लावली आणि रडायला लागली. बाजार भरत होता, शेजारचा कुलुपांवाला बघायला लागला. मी म्हटलं, "अहो ताई, काय झालं काय?"

"तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला सांगितलेलं नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. रडत होती आणि हसतही होती. "ते मोठ्या बोटीवर जायच्या आधी लहान बोटीवर होते, तेव्हा पत्रं यायची. मामंजी ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचे. सासूबाई, शेजारच्या बायका, सगळ्या ऐकायच्या. सगळ्यांची चौकशी झाली की शेवटी, चि. सौ. कुमुदला आशीर्वाद. एवढंच माझ्या वाट्याला. घरात सगळ्यांनी वाचायच्या पत्रात नवरा बायकोला काय लिहिणार? मी एकदा रुसले, तर ते म्हणाले, कागदाच्या वरच्या काठाला मी एक ठिपका देत जाईन. तो फक्त तुझा. बाकी पत्र सगळ्यांचं. आणि खरंच द्यायचे हो! प्रत्येक पत्राच्या काठाला ठिपका. मामंजींना वाटायचं, शाई सांडली."

तिनं मूठ उघडली. "नऊ वर्षं मी ह्या नाण्यांवरचं अक्षरच बघत बसले. काठाला बघितलंच नाही. आणि ते दरवर्षी मला ठिपका देत होते."

माझ्या मांडीजवळ पत्र्याची पेटी होती. त्या पेटीत टोच्या होता. तो काढायचा, तिच्यासमोर एखाद्या जुन्या पैशावर ठोका मारायचा, झालं असतं काम. एका ठोक्याचं काम. आणि मी, बाजारात कुणाच्या बापाला न भिणारा वडके, मूग गिळून बसलो. तिचा तो चेहरा मला मोडवेना. ठिपका माझा आहे हे सांगायचं म्हणजे नवरा मेला हे सांगायचं, आणि वर, तो तुला विसरूनच मेला असंही सांगायचं.

"तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना?" तिनं विचारलं.

"तेच," मी म्हणालो. "की अक्षर डीचं आहे. डेन्व्हर."

"आता कुठलंही गाव असू दे," ती म्हणाली. "भावाला आज नाही म्हणून सांगते. त्या मुलीचं वाईट वाटतं. पण तिला मिळेल दुसरी आई."

ती गेली. मी त्या दिवशी एक नाणं विकलं नाही. बायकोनं संध्याकाळी विचारलं, काय ते चांगलं काम? मी ताटावरून उठलो.

त्या नवरात्रात मयेकर आले. खाली मान घालून उभे राहिले. मी पुष्कळ बोललो. खोटारडा म्हणालो, आणखीही काही म्हणालो, ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एसचं आहे का?"

मुंबईहून मी नवी नाणी आणली होती. त्या रविवारपासून मालाला खूण करायची मी बंद केली होती, त्यामुळं ती सगळी कोरी होती. एक उचलून त्यांना देणार, तोच मनात आलं, की ह्या वर्षी ठिपका नसला तर ती काय समजेल? विसरले म्हणेल. रागावले म्हणेल. मी थांबा म्हटलं, पेटीतून टोच्या काढला आणि काठावर ठोका मारला. ती मालाची खूण नव्हती. मेलेल्या माणसाच्या नावानं मी तिला पत्र लिहीत होतो. आणि मला, सांगायला लाज वाटते, त्यात क्षणभर बरंही वाटलं.

असं पुढं आठ वर्षं चाललं. शहाऐंशी साली मयेकरांची बायको गेली. मी म्हटलं, "काका, आता तरी सांगा." तर म्हणाले, "आता मला तिच्याशिवाय कोण आहे?" मी परत चिडलो, परत ठोका मारला, परत नाणं दिलं. त्यांना नावं ठेवायचा हक्क माझा कधीच संपला होता. नव्वद साली ते नवरात्राच्या महिनाभर आधीच आले, हात धरून कुणीतरी आणलं होतं. म्हणाले, यंदा लवकर घेऊन ठेवतो, तब्येतीचं काही खरं नाही. ते नाणं मी दिलं. नंतर त्यांना मी पाहिलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी दुपारी माझ्या सतरंजीपुढं पावडरीचा डबा टेकला. मी मान वर केली. कुमुदताईच्या कपाळाशी पांढऱ्या बटा आल्या होत्या. गळा मोकळा होता.

ती बसली. डबा उघडून सगळी नाणी सतरंजीवर ओतली. साडीचे तुकडे नव्हते. एक नाणं तिनं मुठीत ठेवलं होतं.

"सोळा आहेत," ती म्हणाली. "तुमची तुम्हाला परत."

मी सांडलेली नाणी सतरंजीच्या कडेवरून आत सारली.

"मामंजी दिवाळीच्या तोंडावर गेले. छापखान्याच्या मालकांनी त्यांचं सामान आणून दिलं. कप्प्याखाली पत्र होतं. तीन घरं सोडून एक मास्तर आहेत, त्यांनी वाचून दाखवलं. पंच्याहत्तरचा मार्च." तिचा आवाज अगदी सपाट होता, दुकानात वाणसामानाची यादी सांगावी तसा. "तरीही मला वाटत होतं, ठिपके कसे मग? दोन दिवस तेच. मग मामंजींच्या पेटीत ह्या वर्षीचं नाणं सापडलं, दिवाळीत द्यायचं म्हणून आणून ठेवलेलं. त्यावर ठिपका होता. तेव्हा तुमचा चेहरा आठवला, त्या रविवारचा, आणि मामंजी काही बोलले का म्हणून तुम्ही विचारलेलं. तुम्ही मारत होता ना?"

"हो."

"कशाला?"

"आधी माल ओळखायला. मग..." मी पेटीचं झाकण दाबलं. "मग तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी," ती म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. "मागच्या आठवड्यात भावाकडं गेले होते. चिपळूणच्या स्टँडवर ती मुलगी दिसली. अकरा वर्षांची झालीय. दप्तर घेऊन आईचा हात धरून चालली होती. मला ओळखलं नाही तिनं. कशी ओळखणार?"

"कुमुदताई, माझं चुकलं. त्या दिवशी ओठांवर आलेला शब्द मी गिळला. मला माफ..."

"ते राहू द्या." तिनं मूठ उघडली. पहिलं नाणं होतं, खलाशानं आणलेलं. "हे एकच त्यांच्या हातचं. आणि ह्यावरच ठिपका नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, नाही का? ज्याचं माझ्याशी नातं नाही त्यानं सोळा दिले, आणि ज्यानं द्यायचा त्यानं दिला नाही."

"आजारी असतील. घाईत असतील."

"असतील. मीही तेच म्हणते." तिनं नाणं सतरंजीवर ठेवलं. "उद्या संगमावर पालाशविधी आहे. भाचा करणार आहे. पळसाच्या पानांच्या पुतळ्यावर हे ठेवायचंय. तुमचा टोच्या आहे ना अजून? आणा."

मी पेटी उघडली. मी नाणं लाकडाच्या ठोकळ्यावर धरलं, गरुडाची बाजू वर, टोच्या काठावर टेकवला आणि हातोडी उचलली.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "तुम्ही पुष्कळ मारलेत. हा माझ्याकडून त्यांना आहे. दाखवा कसा धरायचा."

मी दाखवलं. टोच्या सरळ, बोटं सैल, हातोडी मनगटातून. तिनं पदर खोचला, ओठ दातांखाली धरले. शिवणाचा हात, नेम बरोबर बसला. एकच ठोका. ठिपका माझ्यापेक्षा जरा मोठा उठला, आणि खोलही.

तिनं अंगठा फिरवून बघितला, नाणं पदराच्या टोकाला बांधलं आणि उठली. मी म्हटलं, "ह्या सोळांचं काय करू?" तिनं मागं वळून बघितलं नाही. बाजारातल्या गर्दीतून ती बसस्टॉपच्या दिशेनं निघून गेली.

ती सोळा नाणी अजून माझ्याकडं आहेत. मुलगा म्हणतो, चांदीला चांगला भाव आलाय, काढून टाका. मी टोच्या नदीत टाकून दिला, पण नाणी काढत नाही. अधूनमधून एखादं हातात घेतो आणि काठावरून अंगठा फिरवतो. सगळ्यांवर माझीच खूण आहे.